गुत्त्यातली चावट गाणी आणि ती आज गाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या दारूच्या गुत्त्यांत, जेवणाच्या टेबलाभोवती आणि जत्रांमध्ये गायली जाणारी वात्रट गाणी आम्ही चार मित्रमंडळी हौसेनं गातो. कार्यक्रम संपला की चहाच्या वेळी लोक गाठतात आणि प्रश्न विचारतात. कुणी दबक्या आवाजात विचारतं, कुणी हसत, कुणी जरा रागानंही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

ही गाणी नेमकी कोणत्या काळातली?

ढोबळमानानं १४८० ते १६५० या काळातली. इटलीत प्रबोधनकाळ लवकर सुरू झाला आणि इंग्लंडला त्याचा वारा उशिरा लागला, म्हणून हा पट्टा एवढा लांब आहे. एका टोकाला फ्लॉरेन्सचा लोरेंझो दे मेदिची (१४४९–१४९२). हा शहराचा सत्ताधीश कार्निव्हलसाठी स्वतः द्व्यर्थी गाणी रचायचा. दुसऱ्या टोकाला लंडनचा थॉमस रेव्हन्सक्रॉफ्ट. त्यानं १६०९ आणि १६११ साली गुत्त्यात शोभतील अशा गाण्यांचे तीन संग्रह छापले. इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेल (१६५९–१६९५) खरं तर पुढच्या जमान्यातला. पण त्याची चावट गाणी याच वाटेवरून आलेली आहेत, त्यामुळे त्याचं नाव खाली येत राहील.

गुत्ता म्हणजे तेव्हा नेमकं काय असायचं?

इंग्लंडमध्ये तीन वेगळ्या जागा होत्या आणि लोक त्यांची गल्लत करत नसत. 'इन' म्हणजे धर्मशाळेसारखी मुक्कामाची जागा, घोडे बांधायला तबेल्यासकट. 'टॅव्हर्न'मध्ये वाइन मिळायची, म्हणजे खिशात चार पैसे असणाऱ्यांची जागा. आणि 'एलहाउस' म्हणजे एल, अर्थात बार्लीची घरगुती बिअर, विकणारं घर. बरेचदा एखाद्या विधवेचं, पुढच्या खोलीत दोन बाकडी टाकलेलं. १५५२ साली एलहाउसला परवाना लागेल असा कायदा झाला. १५७७ मध्ये सरकारनं मोजदाद केली, तेव्हा मोजलेल्या परगण्यांत चौदा हजारांहून जास्त एलहाउसं निघाली, तर टॅव्हर्न जेमतेम सव्वातीनशे. तेव्हा 'टॅव्हर्नमधली गाणी' असं आपण म्हणत असलो, तरी त्यातली पुष्कळशी एलहाउसच्या बाकड्यांवरची आहेत. गोव्यात आजही दारूच्या दुकानाला 'तावेर्ना' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचं आणि इंग्रजी टॅव्हर्नचं मूळ एकच, लॅटिनमधलं 'ताबेर्ना'.

'कॅच' म्हणजे काय? ते ऐकताना एवढं हसू का येतं?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर जरा लांब आहे.

कॅच म्हणजे एकच ओळ सगळ्यांनी मागे-पुढे सुरू करून गायचं गाणं. पहिला गवई पहिला चरण गातो. तो दुसऱ्या चरणावर गेला की दुसरा गवई पहिला चरण उचलतो. मग तिसरा. गाणं गोल फिरत राहतं, पाहिजे तितका वेळ. छापायला अगदी स्वस्त. चौघांसाठी चार वेगळ्या सुरावटी छापायला नकोत, एकच ओळ आणि पुढच्या माणसानं कुठे शिरायचं त्याची खूण, एवढ्यावर भागतं. रेव्हन्सक्रॉफ्टच्या 'पॅमेलिया'मध्ये (१६०९) अशी शंभर गाणी आहेत, तीन जणांपासून दहा जणांपर्यंत गाता येतील अशी. इंग्लंडमध्ये छापलेला अशा गाण्यांचा हा पहिला संग्रह. त्याच वर्षी 'ड्यूटेरोमेलिया' आला आणि १६११ मध्ये 'मेलिस्माटा'. आज जगभर बालवाडीत शिकवलं जाणारं तीन आंधळ्या उंदरांचं गाणं पहिल्यांदा छापलं गेलं ते 'ड्यूटेरोमेलिया'तच, थोड्या वेगळ्या शब्दांत.

आता हसू कुठून येतं ते. प्रत्येक चरणात मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या असतात. एक गवई थांबतो त्या मात्रेवर दुसऱ्याचा शब्द येऊन बसतो. ही युक्ती रेव्हन्सक्रॉफ्टच्या काळापेक्षा पर्सेलच्या काळात जास्त पक्की झाली. इंग्रजी उदाहरणापेक्षा मराठीतच करून दाखवतो. हे चरण माझे आहेत, सहा मात्रांचे. टिंब म्हणजे गप्प राहायची मात्रा.

पहिला चरण: मालकीण – · – · – निजली – · – ·

दुसरा चरण: · – पाहुण्याच्या – खोलीत – · – दिवा – मालवला

पहिला चरण एकटा गा. मालकीण निजली, बिचारी दमली असेल. दुसरा एकटा गा. पाहुण्याच्या खोलीत दिवा मालवला, रात्र झाली. दोन्ही अगदी सोज्वळ. आता दोघांनी एकदम गा आणि कानावर काय पडतं ते ऐका. तिसऱ्या चरणात मालकाला गावाला पाठवलं की कॅच पूर्ण.

यात गंमत अशी की चावट वाक्य कुणीच गायलेलं नसतं. ते ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतं. म्हणूनच गाताना मोकळ्या मात्रा काटेकोर पाळाव्या लागतात. आमच्या सुरुवातीच्या एका तालमीत आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो, एक जण स्टीलच्या पेल्यावर चमच्यानं लय धरत होता. सूर बरोबर, शब्द पाठ, तरी काहीच घडेना. मग लक्षात आलं की माझी मैत्रीण विरामाच्या मात्रेवर श्वास घेऊन लगेच पुढच्या शब्दावर उडी मारते, पाव मात्रा आधी. तेवढ्यानं दोन शब्द एकमेकांवर पडायचे आणि वाक्य जुळायचंच नाही. लय निम्म्यावर आणली, तिनं ती पाव मात्रा धरली आणि तिसऱ्या आवर्तनाला स्वयंपाकघरातून आई हसत बाहेर आली. तिला इंग्रजीतला तो चावट शब्द व्यवस्थित ऐकू आला होता.

शब्द खरोखर तितके अश्लील असतात का?

काही असतात, उघड उघड. पण बहुतेक गाणी द्व्यर्थी आहेत आणि त्यांच्या ठरलेल्या तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा धंद्याची. फ्लॉरेन्सच्या कार्निव्हलमध्ये गटागटानं लोक कारागिरांचे वेश घेऊन रस्त्यानं गात जायचे. धुराडी साफ करणारे, गोड वड्या विकणारे, अत्तरवाले, किल्ल्या बनवणारे. धुराडंवाला खिडकीतल्या बाईला विचारतो, तुमचं धुराडं झाडून देऊ का? सगळं गाणं हत्यारं, काजळी आणि कामातलं कसब यावर चालतं आणि पहिल्या कडव्यानंतर धुराड्याबद्दल कुणाला शंका उरत नाही. ही गाणी एवढी लोकप्रिय होती की १५५९ मध्ये त्यांचा मोठा संग्रह छापला गेला.

दुसरी तऱ्हा 'मरण्या'ची. सोळाव्या शतकातल्या इटालियन, फ्रेंच, इंग्रजी प्रेमगीतांत प्रियकर सारखा मरत असतो. दिवसातून हजार वेळा मरायला तयार असतो. हे मरण शृंगारातल्या परमक्षणाचं आहे हे तेव्हा कुठल्याही श्रोत्याला ठाऊक होतं. आज कॉयर, म्हणजे समूहगायकांचे गट, अगदी शोकाकुल चेहऱ्यानं ते गातात तेव्हा मला वाईट वाटतं.

तिसरी तऱ्हा मोडक्या भाषेची, आणि इथं संगीतकार ओर्लांदो दी लास्सोचं 'मातोना मिया कारा' सांगायलाच हवं. १५८१ साली छापलेलं. एक जर्मन भाडोत्री शिपाई इटालियन बाईच्या खिडकीखाली उभा राहून गातोय. त्याला इटालियन धड येत नाही, 'मादोन्ना'चं 'मातोना' करतो. म्हणतो, मी ससाण्यानं शिकार करीन, तुला गलेलठ्ठ पाखरं आणून देईन. मला गोड गोड बोलता येत नाही, पेत्रार्क कवी मला माहीत नाही. पण तू हो म्हण, मग मी रात्रभर थांबणार नाही, एडक्यासारखी टक्कर देईन. आणि प्रत्येक कडव्यानंतर 'दोन दोन दोन, दिरी दिरी दोन' असं ल्यूट या तंतुवाद्याची नक्कल करणारं गोड पालुपद. या पालुपदामुळेच ते जगभरच्या शाळांच्या कॉयरमध्ये गेलं, शब्द धुऊन पुसून.

याशिवाय शी-शूची गाणी पुष्कळ. त्यांच्याबद्दल मला फार काही सांगावंसं वाटत नाही. ती आहेत, आणि लहान मुलांना जशी आवडतात तशीच मोठ्यांनाही आवडायची.

असली गाणी लिहायचं कोण?

चर्चमध्ये संगीत शिकलेले लोक. याचं लोकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. रेव्हन्सक्रॉफ्ट लहानपणी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये गाणारा मुलगा होता. पुढे १६२१ मध्ये त्यानं स्तोत्रांचा जो संग्रह काढला तो अनेक वर्षं वापरात होता. 'पॅमेलिया'च उघडली तरी एका पानावर दारूचं गाणं आणि दुसऱ्या पानावर लॅटिन प्रार्थना सापडते. फ्रान्सचा क्लेमाँ जानकाँ (मृत्यू १५५८) धर्मगुरूची दीक्षा घेतलेला माणूस, काही वर्षं आंझेच्या कॅथीड्रलचा संगीतप्रमुख. त्याची अडीचशेच्या आसपास फ्रेंच गाणी उरली आहेत. पाखरांचा किलबिलाट आणि लढाईचे आवाज गळ्यातून काढायला लावणारी गाणी त्याचीच. 'पुढं ढकलण्याचा खेळ खेळायला मजा येते' असं म्हणणारं गाणंही त्याचंच. लास्सो म्युनिकला बव्हेरियाच्या ड्यूकच्या दरबारात होता. त्यानं रचलेली पश्चात्तापाची स्तोत्रं ऐकली तर 'मातोना' याच माणसाचं यावर विश्वास बसत नाही.

चार-पाच आवाज एकमेकांत असे गुंफायचे की प्रत्येक शब्द कळला पाहिजे, हे काम शिकल्याशिवाय येत नाही. आणि ते शिकायची शाळा म्हणजे चर्च.

मग धर्माला हे चालायचं?

चालायचं नाही, आणि तरीही दोन्हीकडची देवाणघेवाण थांबली नाही. लास्सोनं डुकराच्या घाणेरड्या खाण्यावरच्या एका फ्रेंच गाण्याची सुरावट घेऊन त्यावर आख्खा मास, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं संगीत बांधलं. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनं १५६२ मध्ये चर्चच्या संगीतातून कामुक आणि अपवित्र ते सगळं काढून टाका असा ठराव केला, तो याच सवयीमुळे. प्रॉटेस्टंटांनी उलट वाट धरली. बाजारातली चाल ठेवली, शब्द देवाचे घातले. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या दशकात असं एक पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावरच पाप आणि बदफैली टाळण्यासाठी बाजारू गाण्यांची देवाची गाणी केल्याचं छापलं आहे. फ्लॉरेन्समध्ये तर सावोनारोला या कर्मठ धर्मोपदेशकाच्या कडक अमलात, १४९७ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या दिवशी आरसे, चित्रं, वाद्यं, पुस्तकं यांची होळी झाली. तिथंही कार्निव्हलच्या चालींवर भक्तिगीतं गायली जात होती. अशा कित्येक चाली आज आपल्याला माहीत आहेत त्या या भक्तिगीतांमुळे.

नोटेशन न वाचता येणारे लोक काय गायचे?

बॅलड. एका बाजूला छापलेला कागद, वर एखादं जाडंभरडं लाकडी ठशाचं चित्र, किंमत साधारण एक पेनी. त्यावर सुरावट नसायची, 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढंच. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल:' लिहून दुसऱ्याच पदाचं नाव असायचं, अगदी तसं. विक्रेता रस्त्यात उभा राहून गाऊन दाखवायचा, लोक चाल उचलायचे आणि कागद घेऊन जायचे. एलहाउसच्या भिंतींवर हे कागद चिकटवलेले असत.

कागद स्वस्त, त्यामुळे बहुतेक फाटून गेले. जे राहिले ते संग्राहकांमुळे. डायरीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल पेपिसनं अठराशेहून जास्त बॅलड जमवली. ती केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेनं २००३ पासून असे कागद ऑनलाइन आणले आहेत. मूळ पानांची चित्रं, वाचता येईल असा मजकूर आणि बऱ्याच गाण्यांची ध्वनिमुद्रणंही. मी रात्री झोप येत नसेल तर ते उघडून बसतो.

शेक्सपिअरच्या नाटकांत ही गाणी येतात का?

भरपूर. 'ट्वेल्थ नाइट'मध्ये मध्यरात्री सर टोबी, सर अँड्र्यू आणि विदूषक मिळून कॅच गातात, त्याचा अर्थ 'गप्प बैस, बदमाशा'. गोल फिरताना प्रत्येक जण आळीपाळीनं दुसऱ्याला बदमाश म्हणतो, म्हणजे नोकर असलेला विदूषक एका सरदाराला बदमाश म्हणू शकतो, आणि सरदाराला रागावता येत नाही कारण गाणंच तसं आहे. मग कारभारी मॅल्व्होलिओ येऊन ओरडतो की बाईसाहेबांच्या घराचं तुम्ही एलहाउस करून टाकलंत, चांभारांची गाणी गाताय. या नाटकाचा पहिला नोंदलेला प्रयोग २ फेब्रुवारी १६०२ चा. त्याच शब्दांचा कॅच १६०९ च्या 'ड्यूटेरोमेलिया'त आहे. नट आजही तोच गातात आणि प्रेक्षक आजही हसतात. 'द विंटर्स टेल'मध्ये तर एक नोकर फेरीवाल्याच्या गाण्यांची तारीफ करतो की त्यात वावगं काही नाही, आणि मग निरागसपणे एकेक पालुपद सांगू लागतो. सगळी चावट.

मधली तीनशे वर्षं ही गाणी कुठे होती?

इंग्लंडमध्ये कॅच बंद कधी पडलेच नाहीत. जॉन हिल्टनचा मोठा संग्रह १६५२ मध्ये आला, म्हणजे प्युरिटनांची, कडक धार्मिक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांची, राजवट असताना. पर्सेलनं पन्नासाहून जास्त कॅच रचले. १७६१ साली लंडनमध्ये सरदार-सभ्य गृहस्थांचा कॅच क्लब निघाला. पुढं एकोणिसाव्या शतकात मात्र सोवळं वाढलं. संगीत छान आहे पण शब्द नकोत, म्हणून शब्द बदलले गेले. पर्सेलच्या समग्र संगीताच्या मालेत १९२२ साली कॅचचा खंड निघाला, त्यातही मूळ शब्दांवर हात फिरवलेला होता. संशोधकांची आवृत्ती, आणि तीतच शब्द खोटे. दोन चरण मिळून जे वाक्य घडवायचं तेच काढून टाकल्यावर ते तीन गवई कशासाठी गात आहेत, हे त्या पानांवरून कळत नाही.

परतीची वाट ध्वनिमुद्रणांनी काढली. आल्फ्रेड डेलर या उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकानं १९५६ च्या सुमारास आपल्या गटाबरोबर टॅव्हर्नच्या गाण्यांची तबकडी काढली. चर्चच्या संगीताला लावतात तीच शिस्त त्यानं या गाण्यांना लावली, आणि माझ्या मते खरा बदल तिथं झाला. १९७८ मध्ये दोमिनिक व्हिसनं पॅरिसमध्ये जानकाँच्याच नावाचा गट स्थापन केला. त्यांचं गाणं ऐकताना चार जण कुजबुजतात, भांडतात, खिदळतात असं वाटतं आणि सूर तसूभर हलत नाही. लंडनच्या 'सिटी वेट्स' या गटानं बॅलडवर काम केलं. अमेरिकेच्या बाल्टिमोर कन्सॉर्टनं १९९२ मध्ये इंग्लिश चावट गाण्यांची एक तबकडी काढली, मूळ शब्दांसह.

अमेरिकेतल्या रेनेसाँ फेअरमध्ये ऐकलेली गाणी याच काळातली का?

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न नेहमी येतो. प्रबोधनकाळाचा देखावा उभारणारी ही जत्रा पहिल्यांदा १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला भरली, आता अमेरिकेभर भरते. दिवसाच्या शेवटी सगळे मिळून पबमधली गाणी म्हणतात. त्यातली बरीचशी प्रबोधनकाळातली नसतात. दारुड्या खलाशाचं काय करायचं असं विचारणारं सुप्रसिद्ध गाणं एकोणिसाव्या शतकातल्या जहाजांवरचं आहे, काही आयरिश गाणी त्याहून अलीकडची. म्हणून ती जत्रा खोटी ठरत नाही. अनोळखी दोनशे माणसं पेले उंचावून एका सुरात गातात, हे मोलाचं आहे. फक्त कार्यक्रमपत्रिकेवर सोळावं शतक लिहायचं असेल तर गाणंही सोळाव्या शतकातलं हवं.

आणि 'कार्मिना बुराना'?

ती तेराव्या शतकातली हस्तलिखित पोथी, १८०३ मध्ये बव्हेरियातल्या एका मठात सापडलेली. म्हणजे मध्ययुगातली. त्यात गुत्त्याचं झकास गाणं आहे, पण आज सगळ्यांच्या कानात बसलेलं संगीत कार्ल ऑर्फचं, १९३७ सालचं.

गाताना झिंगल्याचा अभिनय करावा का?

करू नये. खरोखर पिऊन तर मुळीच गाऊ नये. वर सांगितलेली ती पाव मात्रा आठवा. लडखडत्या जिभेनं व्यंजनं पुसली जातात आणि याच गाण्यांना व्यंजनांची सर्वांत जास्त गरज आहे. डोळे मिचकावणं, कोपरानं ढोसणं, सूचक शब्दावर जोर देणं हेही टाळा. श्रोत्याच्या कानात वाक्य आपोआप जुळणार असतं, तुम्ही खूण केलीत की त्याच्या वाटचं काम तुम्ही हिरावून घेता. लास्सोचा शिपाई गाणाऱ्यानं तो खरोखर प्रेमात पडला आहे असंच गावं. तो मनापासून बोलतोय. त्याला बापड्याला तेवढेच शब्द येतात.

शब्द गाळावेत किंवा बदलावेत का?

माझं मत स्पष्ट आहे. गाळू नयेत. एखाद्या सभेत ते शब्द चालणार नसतील तर दुसरं गाणं निवडा. या काळातली सोज्वळ, सुंदर गाणी हजारोंनी आहेत. एका ठिकाणी आयोजकांनी आमच्या नकळत कार्यक्रमपत्रिकेतला अनुवाद बदलून 'मातोना'ला चांदण्यातलं प्रेमगीत करून टाकलं होतं. लोक हात जोडून, गंभीरपणे ऐकत राहिले. मला मध्येच थांबून सांगावंसं वाटलं, पण गाणं सुरू होतं. तेव्हापासून अनुवाद आम्ही स्वतः छापून नेतो आणि गाण्याआधी दोन वाक्यांत अर्थ सांगतो. ज्यांना ऐकायचं नाही त्यांना बाहेर जाता येतं. आजवर दोनदा असं झालं, आणि दोन्ही वेळा मला ते रास्त वाटलं.

बायकांची टिंगल करणारी गाणीही असतातच की. त्यांचं काय?

असतात. बायकोला बडवल्याचं कौतुक करणारी आहेत, कुरणात भेटलेल्या मुलीचा नकार म्हणजे लटका नकार असं समजणारी तर ढिगानं आहेत. आम्ही ती गात नाही. वरचा नियम आणि हा नियम यांत मला विसंगती दिसत नाही. गाणं बदलायचं नाही, पण कुठलं गायचं ते आपण ठरवायचं. अभ्यासाच्या व्याख्यानात त्यांचे शब्द वाचून दाखवावेत, कारण तो काळ कसा होता हे लपवून उपयोग नाही. पण टाळ्यांसाठी नाही.

आणि निवडायला दुसऱ्या बाजूची गाणी उदंड आहेत. म्हाताऱ्या नवऱ्याला चकवणारी बायको, फुशारकी मारणाऱ्या शिपायाला तोंडघशी पाडणारी मालकीण, स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडानं सांगणारी तरुणी. ही गाणी बायकाही गायच्या. एल गाळून विकणाऱ्या बायका होत्या, बॅलड विकणाऱ्या आणि रस्त्यात गाणाऱ्याही होत्या. 'वॉटकिन्स एल' नावाच्या गाण्यातलं एल पेल्यातून प्यायचं नाही हे कुणालाही पहिल्या कडव्यात समजतं. तरी त्याची चाल कुलीन घरांत वाजवायच्या कळवाद्यासाठी, व्हर्जिनलसाठी, व्यवस्थित लिहून ठेवलेली सापडते.

उच्चार आजच्या इंग्रजीसारखे करायचे का?

चालतील, पण काही विनोद त्यानं मरतात. शेक्सपिअरच्या काळी 'तास' या अर्थाचा शब्द आणि 'वेश्या' या अर्थाचा शब्द यांचा उच्चार जवळजवळ एकच होता, 'ओर'च्या आसपास. तेव्हा 'तासातासानं पिकत जातो' या साध्या वाक्यावर अख्खं नाटकघर हसायचं. लंडनच्या ग्लोब नाटकगृहानं २००४ मध्ये जुन्या उच्चारांत आख्खा प्रयोग केला, तेव्हापासून गाणारेही त्याकडे वळले. मराठी माणसाला हे उच्चार सोपे जातात. त्यात 'र' ठसठशीत म्हणायचा असतो, जो आपण नाहीतरी म्हणतोच.

वाद्यं कोणती लागतात?

कॅचला एकही नाही. बॅलडला ल्यूट, फिडल किंवा सिटर्न. सिटर्न म्हणजे धातूच्या तारांचं छोटं वाद्य, इंग्लंडात न्हाव्याच्या दुकानात भिंतीला टांगलेलं असायचं, नंबर येईपर्यंत गिऱ्हाइकानं वाजवत बसावं म्हणून. गिटार असेल तर गिटारवर भागवा, मन मोठं ठेवून.

हे आपल्या लावणीसारखंच म्हणायचं का?

शब्दांच्या द्व्यर्थी खेळापुरतं हो. पण दोन्हींचा ऐतिहासिक संबंध काही नाही, आणि गाण्याची रीतही वेगळी आहे. लावणी प्रेक्षकांसमोर सादर होते, तिच्यात गाणारी आणि ऐकणारा समोरासमोर असतात. कॅचमध्ये गाणारेच ऐकणारे. टेबलाभोवती तोंडं आत करून बसायचं आणि एकमेकांना हसवायचं. मंचावर तो आणताना खरी अडचण हीच येते. आम्ही अर्धवर्तुळ करून बघितलं, नंतर सोडून दिलं. आता मध्ये टेबल ठेवतो, गोल बसतो आणि लोकांना भोवती खुर्च्या घ्यायला सांगतो.

जुनी गाणी आहेत, मग कॉपीराइटचा प्रश्न नाही ना?

मूळ गाण्यांचा नाही. पण एखाद्या संपादकानं अलीकडे तयार केलेल्या आवृत्तीला आणि ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र हक्क असतात. इंटरनेटवर कॉयरसाठीची आणि जुन्या स्वरलिपींची मुक्त ग्रंथालयं आहेत, तिथून रेव्हन्सक्रॉफ्ट, जानकाँ, लास्सो तिघांचंही पुष्कळ काही फुकट उतरवून घेता येतं. उतरवल्यावर शब्द मूळ छापील पानाशी ताडून पाहा. धुतलेले शब्द अजूनही फिरत आहेत.

आम्ही तिघंच आहोत, कॉयर नाही. सुरुवात कशी करू?

तिघं म्हणजे नेमकी हवी तेवढी माणसं. 'पॅमेलिया' किंवा 'ड्यूटेरोमेलिया'तला तीन आवाजांचा कुठलाही छोटा कॅच घ्या. पहिला दिवस सूर नकोतच. शब्द मोठ्यानं वाचा, अर्थ लावा, कुठला शब्द कशावर बेतला आहे ते शोधा. मग सगळ्यांनी मिळून एका आवाजात संपूर्ण ओळ पाठ करा, इतकी की बोलता बोलता म्हणता यावी. नंतर दोघांनी गायचं आणि तिसऱ्यानं डोळे मिटून फक्त ऐकायचं, काय ऐकू येतं ते सांगायचं. ऐकणारा आळीपाळीनं बदला. तिघंही शिरलात की लय पहिल्यापेक्षा हळू ठेवा, आवाज लहान ठेवा, आणि पाच आवर्तनं होईपर्यंत कुणी चुकलं तरी थांबू नका. संपवायची रीत आधी ठरवून घ्या. एक तर ज्यानं आधी सुरू केलं त्यानं आधी थांबायचं, किंवा ठरलेल्या खुणेला तिघांनी एकदम. आम्ही एकदम थांबतो. खूण म्हणून पेला टेबलावर आपटतो, रिकामा.